पिकअप घ्यायची की मोठी एसयूव्ही? आधी कट्टे मोजा, मग ब्रोशर उघडा

सोयाबीनचे पैसे हातात आले की आमच्या घरी दोन प्रकारचे फोन वाढतात. एक सोयरिकीचे, दुसरे गाडीचे. "दाजी, गाडी घ्यायलोय. कोणती घेऊ?" कशासाठी घ्यायलास असं विचारलं की पलीकडं शांतता. मग हळूच, "आता सगळेच घ्यायलेत ना."

माझ्या साडूनं असंच केलं. मोबाईलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ बघून डबल केबिनची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, पिकअप आणली. गाडी देखणी, तक्रार काहीच नाही. फक्त ती सव्वापाच मीटरच्या वर लांब आणि गावातला वाडा आजोबांनी बैलगाडीच्या मापानं बांधलेला. गाडी आत घेतली की दरवाजा लागत नाही. ती अजून मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत उभी असते आणि ठिबकच्या नळ्या आणायला साडू आजही शेजाऱ्याचा छोटा हत्ती भाड्यानं घेतो. पहिल्यांदाच असली गाडी घेणाऱ्यांसाठी हे सगळं लिहितोय. सात कामं आहेत. शेवटचं गाडी ताब्यात घेताना करायचं, बाकीची त्याआधी करायची किंवा समजून घ्यायची.

पहिलं काम: वर्षाचं ओझं लिहून काढा

शाळेच्या वहीचं एक पान घ्या. मागच्या बारा महिन्यांत काय काय वाहिलं, किती वेळा आणि कुठं, ते लिहा. लातूरच्या मोंढ्याला सोयाबीन आणि तूर, वसमतला हळद, जालन्याला मोसंबीचे क्रेट, माळेगावच्या यात्रेला जनावरं, लग्नाला माणसं. बहुतेकांच्या पानावर माल वाहायचे दिवस तीस-चाळीसच्या पुढं जात नाहीत. ज्यांचे जातात, त्यांना एसयूव्हीचा विचार करायची गरजच नाही.

आता वजन. ब्रोशरमध्ये टन लिहिलेले असतात, आपण क्विंटलात विचार करतो. १.७ टनाची बोलेरो पिकअप म्हणजे १७ क्विंटल. साठ किलोचा कट्टा धरला तर २८ कट्टे. टाटाची योद्धा २.० सप्टेंबर २०२२ मध्ये आली ती दोन टन, म्हणजे २० क्विंटलाची. बोलेरो मॅक्स पिकअपमध्येही १.३ टनापासून दोन टनांपर्यंतचे प्रकार आहेत. या गाड्यांचा हौदा नऊ-दहा फुटांचा. पाईप वीस फुटांचा असतो हे विसरू नका. अर्धा पाईप फाळक्याबाहेर लोंबला तर मागून येणारा दुचाकीवाला अंधारात थेट त्यावर येतो.

टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या गाड्यांची जात वेगळी. पाच माणसं आरामात बसतात, पण मागचा हौदा पाच फुटांच्या आसपास आणि कायदेशीर वजन माल वाहणाऱ्या पिकअपच्या निम्मंही नाही. दिसायला मोठी म्हणजे जास्त वाहणारी, हा साडूचा गैरसमज होता. व्हिडिओतली फोर्ड एफ-१५० तर भारतात कंपनीकडून विकलीच जात नाही. तिची मापं तिकडच्या रस्त्यांची. आपल्या गावच्या वेशीतून ती आरसे मिटून काढावी लागेल.

पाटे वाढवायचं काय? प्रत्येक मोंढ्याबाहेर एक तरी कारागीर मागच्या स्प्रिंगला दोन पाटे जास्त लावून देतो आणि "आता टाका तीन टन" म्हणतो. गाडी ओझ्यानं खाली बसत नाही, हे खरं. पण ब्रेक तेच असतात, अॅक्सल तोच, टायर तेच आणि चासीही तीच. मांजरसुंब्याचा घाट उतरताना तीन टनाला दोन टनाच्या ब्रेकवर रोखायचं असतं. शिवाय जादा वजनात पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजारांपासून सुरू होतो आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार वेगळे. ज्याला दर फेरीला अडीच टन न्यायचंय त्यानं अडीच टन पासिंगची गाडी घ्यावी.

आणि उलटंही लक्षात ठेवा. माल वाहायची पिकअप रिकामी असली की मागून उड्या मारते. पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात, पाठीच्या मणक्यासाठी नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दर महिन्याला दवाखान्यात न्यायचं असेल तर हे आधी तपासा.

दुसरं काम: आपल्या रस्त्यावरून एकदा पायी चाला

ज्या पांदणीनं शेतात जाता तिथून ऑगस्टमध्ये चालत जा. चपलेला माती किती चिकटली ते बघा. आपली काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरते आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. अशा वेळी फोर बाय फोर असलं तरी साध्या डांबरी रस्त्याच्या टायरवर चारही चाकं जागच्या जागी फिरतात. दोनाऐवजी चार खड्डे पडतात, एवढाच फरक.

ही यंत्रणा समजायला ट्रॅक्टर पुरेसा आहे. ट्रॅक्टरला टाचेजवळ डिफरन्शियल लॉकचं पॅडल असतं. एक चाक चिखलात फिरतं आणि दुसरं थांबतं तेव्हा ते दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. हायलक्सच्या किंवा स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोरच्या मागच्या डिफरन्शियलला लॉक आहे म्हणतात, ते हेच. नॉबवर साधारण तीन जागा असतात. टू-हाय म्हणजे फक्त मागची चाकं, रोजचा रस्ता. फोर-हाय म्हणजे चारही चाकं, ओली कच्ची वाट. फोर-लो म्हणजे चारही चाकं आणि बारीक गेअर, चिखल, चढ, ओढून काढणं. हायलक्स, व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन, थार रॉक्स या सगळ्यांत कोरड्या डांबरावर फोर-हाय लावून वळायचं नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळताना वेगळं अंतर कापायचं असतं, पण यंत्रणेनं ती एकमेकांना बांधलेली असतात. गाडी अडखळते, कुरकुरते आणि शेवटी गेअरबॉक्सचं बिल येतं.

इथं एक फसगत होते. सफारी किंवा हॅरियरमध्ये खडबडीत रस्त्याचे, ओल्या रस्त्याचे मोड आहेत. बटण फिरवलं की पडद्यावर चित्रही बदलतं. पण या डिझेल गाड्यांत ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. मोडमुळे अॅक्सिलरेटर आणि ब्रेकची वागणूक बदलते, मागची चाकं चालू होत नाहीत. गाड्या चांगल्या आहेत, लांबच्या प्रवासाला तर फारच. फक्त पांदणीच्या भरवशावर घेऊ नका.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या दहातल्या आठांना फोर बाय फोर लागत नाही. चिखलाचे दिवस मोजके असतात आणि त्या दिवसांत भावकीतला ट्रॅक्टर असतोच. वाचलेल्या पैशांत चांगले ऑल-टेरेन टायर घ्या आणि एक जाड दोर गाडीत टाकून ठेवा. रिकामी पिकअप मागून घसरत असेल तर हौद्यात मागच्या चाकांवर वाळूची तीन-चार पोती टाकली तरी फरक पडतो. बालाघाटाच्या डोंगरात वस्ती असेल, सीताफळाच्या बागेला चढाची वाट असेल, तर मात्र बिनधास्त घ्या आणि लो गेअरवालीच घ्या.

पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते, थार रॉक्स ६५०, असे आकडे कंपन्या देतात. हे आकडे थांबलेल्या पाण्याचे आहेत. नळकांडी पुलावरून वाहणारं पाणी गुडघ्याएवढं असलं तरी ते गाडीला आडवं ढकलतं, आणि दोन फूट वाहत्या पाण्यात मोठ्या एसयूव्हीही तरंगून सरकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडं जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पुलाचा कठडा दिसत नसेल तर गाडी लावायची आणि वाट बघायची. पाण्यात इंजिन बंद पडलंच तर पुन्हा चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर दुसऱ्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या.

तिसरं काम: ताकदीचे आकडे वाचायला शिका

पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढतो आणि दोनशे हॉर्सपॉवरची फॉर्च्युनर त्या ओढायच्या भानगडीत पडत नाही. का? हॉर्सपॉवर म्हणजे किती वेगानं काम होतं, टॉर्क म्हणजे पिळायची ताकद किती, आणि गेअर त्या पिळाला चाकापर्यंत किती पटीनं वाढवून पोचवतो. ट्रॅक्टरचा पहिला गेअर चालत्या माणसापेक्षा हळू नेतो, म्हणून तो ओढतो.

ओझ्यासाठी टॉर्क बघा (तो न्यूटन मीटरमध्ये मोजतात), आणि तो इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो तेही बघा. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन २०० न्यूटन मीटरच्या आसपास देतं. आकडा लहान, पण दीड हजार फेऱ्यांच्या आतच मिळायला लागतो. म्हणून भरलेली गाडी रेस न करता उठते. योद्धाला २.२ लिटर आणि २५० न्यूटन मीटर. व्ही-क्रॉसला १.९ लिटरमधून १६३ पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) आणि ३६० न्यूटन मीटर. हायलक्स आणि फॉर्च्युनरमध्ये एकच २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस.

गंमत म्हणजे याच इंजिनाला मॅन्युअल गेअरबरोबर ४२० न्यूटन मीटर आहे आणि ऑटोमॅटिकबरोबर ५००. स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या डिझेलमध्येही मॅन्युअलला ३७०, ऑटोमॅटिकला ४००. "ऑटोमॅटिकला दम नसतो" असं पारावर कुणी म्हणालं तर हे आकडे सांगा. ऑटोमॅटिक महाग असते आणि बिघडली तर गावातल्या मिस्त्रीकडून होत नाही, हे मात्र खरं.

एसयूव्ही बघताना एक प्रश्न आधी विचारा: गाडी चासीवरची आहे की मोनोकॉक? स्कॉर्पिओ-एन, थार रॉक्स, फॉर्च्युनर चासीवरच्या. खड्डे सोसतात, पण वळणावर झुकतात. एक्सयूव्ही ७००, सफारी, जीप मेरिडियन मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच. समृद्धीवर १२० ला या गाड्या जास्त स्थिर वाटतात. आपल्याच शेंद्र्यात जुळणारी स्कोडा कोडियाकही याच घरातली, पण ती आता फक्त पेट्रोलमध्ये आहे. टोयोटानं २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार करून बिडकीनला कारखाना काढायचं ठरवलंय. म्हणून फॉर्च्युनर लगेच स्वस्त होईल अशी आशा धरून बसू नका, मला दोघांनी तसं विचारलं म्हणून सांगतो.

सनरूफबद्दल लिहायची इच्छा नाही. मे महिन्यात परभणीत उभी केलेली गाडी उघडून बघा, तुमचं तुम्हाला कळेल.

उन्हाचं मात्र महत्त्वाचं आहे. साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकच्या केबिनला १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी सक्तीचा झाला. पिकअप बहुधा या मर्यादेच्या खाली येतात, त्यामुळं तिथं एसी हा पैसे देऊन घ्यायचा प्रकार आहे. घ्या. चाळीसच्या वर पारा असताना दुपारी मोंढ्यातून परतणाऱ्या ड्रायव्हरला डुलकी लागते. ड्रायव्हर तुमचाच पोरगा असतो बऱ्याचदा.

सुरक्षेचे तारे बघताना भारत एनकॅप वा ग्लोबल एनकॅप या गाडी आदळवून बघायच्या चाचण्यांचं प्रमाणपत्र बघा. स्कॉर्पिओ-एन, थार रॉक्स, सफारी यांना पाच तारे आहेत. भारत एनकॅपची चाचणी प्रवासी गाड्यांची असते, माल वाहणाऱ्या पिकअपला ते तारे नसतात. म्हणून तिथं एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का हे एकेक करून विचारावं लागतं. कॅमेऱ्यावर चालणारे आपोआप ब्रेकही आता महागड्या मॉडेलमध्ये मिळतात. डिसेंबरच्या रात्री बिनारिफ्लेक्टरच्या उसाच्या ट्रॉलीमागं त्याच्या भरवशावर जाऊ नका.

चौथं काम: चालवून बघताना रस्ता तुम्ही ठरवा

शोरूमवाले बायपासला एक चक्कर मारून आणतात. त्यात फक्त म्युझिक सिस्टीम कळते. मी जाताना तीन गोष्टी नेतो: मोजपट्टी, आई आणि चार धिप्पाड नातेवाईक.

मोजपट्टी गेटसाठी. हायलक्स ५.३ मीटर, स्कॉर्पिओ-एन साधारण ४.६६, फॉर्च्युनर ४.८ च्या जवळ. घरची जागा मोजून तो आकडा खिशात ठेवा. आई पायरीसाठी. तिला हात न देता चढता आलं पाहिजे आणि नऊवारीत उतरता आलं पाहिजे. आमच्या आईनं एका भारी गाडीला याच परीक्षेत नापास केलं, "ही काय हत्तीची अंबारी हाय का" म्हणत. नातेवाईक वजनासाठी. सातही सीट भरा, तिसऱ्या ओळीत मोठ्या माणसाला बसवा आणि गुडघे कुठं जातात बघा. मग डिकी उघडा. सात माणसं बसल्यावर किती बॅगा मावतात? तुळजापूरला सहकुटुंब जायचं असेल तर उत्तर बहुधा टपावरच्या कॅरिअरपाशी येतं.

चालवताना एक चढ हवाच. बीडकडच्यांनी मांजरसुंबा धरावा. सात माणसं आणि एसी चालू, दुसऱ्या गेअरमध्ये मधेच थांबा आणि हँडब्रेकवरून पुन्हा उठवा. क्लच जळल्याचा वास आला, गाडी मागं सरकली, तर तिथंच कळतं. उतरताना गेअरमध्येच उतरा आणि इंजिन गाडी किती रोखून धरतं ते बघा. नंतर खराब रस्त्यावर चाळीसच्या वेगानं पाच मिनिटं, बोलणं बंद, गाणं बंद. कान देऊन ऐका.

पिकअपवाले भरून चालवू देत नाहीत. मग तीच गाडी वापरणारा गावात शोधा आणि डिझेल टाकून त्याच्याबरोबर एक फेरी मारा. त्याचा सल्ला ब्रोशरपेक्षा बरा. अॅव्हरेजही त्यालाच विचारा. स्वतः मोजायचं तर टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा आणि भागाकार करा. मीटरवर दिसणारा आकडा नेहमी थोडा खुशामतखोर असतो.

पाचवं काम: कागद

पांढरी पाटी (खासगी) की पिवळी (भाड्याच्या धंद्याची), हे आधी ठरवा. पिवळ्या पाटीला नव्या गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं, नंतर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी. गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. काही मॉडेलचं एकूण वजन नेमकं त्याच्या जरा खाली का असतं, ते आता लक्षात येईल. लायसन्सचा घोळ मिटलाय: ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पांढऱ्या पाटीवर भाडं मारायचं नाही. अपघात झाला की विमा कंपनी आधी तेच शोधते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी सरळ ४० टक्के आहे, आधी सेस धरून ५० पर्यंत जायचा. मालवाहू गाड्यांवर २८ चा १८ झाला. त्यावर खासगी डिझेल गाडीला राज्याचा रोड टॅक्स किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के, आणि संस्थेच्या वा कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. म्हणून ऑन-रोड किंमत लेखी मागा, ओळीओळीनं. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्या, आपल्या ओढ्यांसाठी. हप्ता महिन्याचा न ठेवता सहामाही मिळतो का ते बँकेत विचारा. ट्रॅक्टरला देतात, पिकअपलाही काही ठिकाणी देतात.

भाव पाडायचा असेल तर एकट्यानं जाऊ नका. २०१० मध्ये संभाजीनगरकरांनी (तेव्हाचं औरंगाबाद) एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. तुम्ही गावातले तिघं एकाच महिन्यात तीच पिकअप घेणार असाल तर तिघांनी एकत्र जा. अॅक्सेसरीज तरी फुकट सुटतात.

सहावं काम: डिझेल आणि युरिया

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळायची जाळी असते, डीपीएफ. रोज घर ते दुकान तीन किलोमीटर चालवली तर ती तापत नाही आणि काजळीनं चोंदते. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास एकसारख्या वेगानं काढा. या जाळीचा दिवा लागला तर लगेच इंजिन बंद न करता चालवत राहा.

अनेक गाड्यांत निळ्या झाकणाची दुसरी टाकी असते. तिच्यात डीईएफ घालतात, ज्याला सगळे युरिया म्हणतात. ते ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी असतं. आमच्याकडं कुणाच्याही घरात युरियाचं पोतं असतंच, त्यामुळं ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका: खताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून त्या टाकीत टाकणारा माणूस मी स्वतः बघितलाय. गाडी महिनाभर उभी होती आणि वॉरंटी नाकारली गेली. सीलबंद कॅनच घ्या.

सातवं काम: हार घालायच्या आधी

गाडी ताब्यात घेताना घरचे पेढे घेऊन उभे असतात आणि तेवढ्यात सह्या होऊन जातात. त्यांना दहा मिनिटं बसवा. चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३५२५ म्हणजे २०२५ चा पस्तिसावा आठवडा. पाचही टायरचे बघा. हौद्याचा फाळका उघडून लावा, कड्या घट्ट बसतात का बघा. नॉब फोर-लोला टाकून सरळ दहा फूट पुढं-मागं करा, दिवा लागतो का ते बघा. आणि स्टेपनी खाली उतरवायला लावा, जॅक आणि पान्यासकट. साडूच्या गाडीत जॅकच नव्हता. ते त्याला औशाच्या अलीकडं रात्री अकरा वाजता कळलं, आणि ज्या ट्रकवाल्यानं जॅक दिला त्याच्याशी आता त्याची चांगली ओळख आहे.